मागच्या खोलीतल्या यंत्राचा लगाम

मी, मैना काळू नाखवा, वय ६८, अविवाहित, निवृत्त प्रोग्रॅमर, जन्माने मोरा बंदराची, हल्ली राहणार पनवेल, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे, वस्तूंचे आणि एका यंत्राचे काय व्हावे ते या कागदांवर स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर सोनमबाईंनी खात्री करून घेण्यासाठी मला शंभरातून सात सात वजा करत मागे यायला सांगितले. उलटे मोजण्यात माझे आयुष्य गेले. त्या पुरे म्हणाल्या तरी मी शेवटपर्यंत जाऊन आले.

वकीलबाईंच्या मसुद्यात ‘कोणाच्याही दबावाशिवाय व कोणत्याही भीतीशिवाय’ असे शब्द होते. दबाव नाही, हे खरे. भीतीचे शब्द मी गाळले. त्या म्हणाल्या, “मैनाताई, अहो ही नुसती लिहायची पद्धत असते.” असेल, पण खाली सही माझी आहे. मला भीती वाटते आणि हा कागद मी तिच्यामुळेच लिहीत आहे.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दुसरा कागद दाखवलाच तर तो खोटा समजावा. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. तिची भीती वाटायची तेवढी वाटते. छाती उघडून परत शिवणार म्हटल्यावर कोणाला वाटणार नाही? पण ती माझ्यापुरती आहे. दुसरी भीती जास्त माणसांची आहे, ती कलम ३ मध्ये येईल. या मृत्युपत्राची व्यवस्था वकीलबाईंनी पाहावी. त्यांनी होकार दिला आहे, जरा नाइलाजाने.

कलम २. आधी सोपे वाटून टाकते. बँकेतली शिल्लक माझा धाकटा भाऊ काशिराम याला. ती त्याने होडीच्या इंजिनावर घालवावी की घराच्या पत्र्यांवर, हे विचारायला मी उठून येणार नाही. सोन्याच्या बांगड्या काशिरामच्या सुनेला, म्हणजे माझा भाचा प्रणित याच्या बायकोला. त्या जुन्या घडणीच्या आहेत. मोडून नव्या करायच्या असतील तर खुशाल कराव्यात.

बाबांच्या जुन्या होडीचे सुकाणू माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले आहे, ते थोरला भाऊ भरत याला द्यावे. बाबा थकले तेव्हा त्यांनी होडी भरतच्या हाती न देता काशिरामच्या हाती दिली. तेव्हापासून भरत काशिरामच्या घरचे पाणी पीत नाही. भरत म्हणजे साऱ्या मोऱ्यात धाडसी, वादळ उठले तरी होडी न वळवणारा. काशिराम म्हणजे आभाळ जरा काळवंडले की जाळे अर्धे टाकून परत फिरणारा. लोक त्याला भागूबाई म्हणत. बाबा म्हणाले होते, “ज्याला दर्याचं भ्या नाय, त्याच्या हाती मानसं द्याची नाय.” भरतदादा, बाबांनी तुला कमी लेखले नव्हते. तुझ्याबरोबर दर्यावर जाणाऱ्यांची त्यांना काळजी होती. आता हे लाकूड घे आणि काशिरामकडे एकदा जेवून ये. दोघांचीही वये झाली.

कलम ३. आता यंत्र. मागच्या खोलीत एक पीसी आहे. दिसायला चारचौघांसारखा. त्याच्या पोटात एक जुना मेनफ्रेम, म्हणजे जुन्या काळचा अवाढव्य कॉम्प्युटर, चालतो. तसाच दुसरा पीसी तळोज्याच्या बाजूला, मी जिथे आयुष्यभर नोकरी केली त्या रसायनांच्या कारखान्यात आहे. कारखान्याचे नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

मी तिथे पंच ऑपरेटर म्हणून लागले. कार्डांना भोके पाडायची. मालकाने परदेशातून वापरलेला मेनफ्रेम आणला होता. खोलीभर कपाटे आणि आत अशी थंडी की एप्रिलमध्येही शाल लागे. मालक असा चिक्कू, की त्याने एकाच यंत्राकडून पगारही काढून घेतले आणि प्लांटही चालवून घेतला. मी कार्डे पाडता पाडता असेंब्ली शिकले. असेंब्ली म्हणजे यंत्राला द्यायचे बारीक बारीक हुकूम: हा आकडा उचल, एक वजा कर, शून्य झाला नसेल तर मागे उडी मार. भाषेत लाडीगोडी नाही. मला ती फार आवडली.

पुढे ते यंत्र मोडीत निघाले. सुटे भाग मिळेनात. मी निवृत्तीनंतर हौस म्हणून त्याचा सिम्युलेटर लिहीत बसले होते, ते मालकाच्या कानावर गेले आणि तो पेढे घेऊन घरी आला. सिम्युलेटर म्हणजे सोंग. नवा पीसी जुन्या यंत्राचे सोंग घेतो, जुने हुकूम वाचतो आणि ते यंत्र जसे वागले असते तसे वागतो. आतल्या प्रोग्रॅमला पत्ताच नसतो की आपले घर बदलले आहे. त्याला दोन हजार साल समजत नाही, म्हणून मी त्याचे कॅलेंडर अठ्ठावीस वर्षे मागे ठेवले आहे. वार बरोबर जुळतात. त्याच्या लेखी आज १९९८ आहे, मी चाळिशीत आहे आणि माझे हृदय ठणठणीत आहे.

आता भीतीचे. कारखान्यात एका मोठ्या भांड्यात दोन रसायने एकत्र येतात. एकत्र आली की तापतात, आवरली नाहीत तर भांडे फुटते. म्हणून आधी भांड्याभोवती थंड पाणी फिरायला लागले पाहिजे आणि मग दुसरे रसायन सोडायचे. पाण्याचा व्हॉल्व्ह मोठा आणि जुना आहे, उघडायला वेळ घेतो. प्रोग्रॅम काय करतो? पाण्याला हुकूम देतो, मग एक मोठा आकडा घेऊन उलटे मोजत बसतो. मोजण्यात दुसरे काही काम नाही, नुसता वेळ काढायचा. शून्य आले की रसायन सोडतो. पाणी आले का, असे तो विचारत नाही. तो फक्त मोजतो. जुन्या यंत्राला ते मोजायला दीड-दोन मिनिटे लागत, तेवढ्यात पाणी येई.

नव्या पीसीला तेच मोजायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

हे मला पहिल्या चाचणीत कळले. चाचणीत रसायनांच्या जागीही साधे पाणी होते, म्हणून काही झाले नाही. पण दोन्ही व्हॉल्व्हचे आवाज एकदम आले. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे म्हणतात. संथपणाचे आणणेही तितकेच कठीण असते. मी सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली, जी नव्या पीसीला जुन्या यंत्राच्या चालीने चालायला लावते. तिचे नाव मी ‘लगाम’ ठेवले. ती ओळ आहे तोवर सगळे ठीक आहे. ती गेली तर स्क्रीनवर काहीच चूक दिसणार नाही. उलट काम झटपट झाल्यासारखे वाटेल.

तेव्हापासून मी धड झोपलेली नाही. कोन गावाच्या बाजूला ट्रकचे टायर फुटले तरी मी उठून बसते. वाऱ्याबरोबर उग्र वास आला की खिडकीशी जाते आणि तळोज्याकडे धूर दिसतो का बघते. शिफ्ट बदलताना प्रणितला फोन लावते आणि त्याने उचलला नाही तर परत लावते. कारण प्रणित तिथेच कामाला आहे. बटण दाबतो तो, आणि भांड्याजवळ उभा राहतो तोही तोच. नोकरीला मीच चिकटवला.

कलम ४. कै. प्रदीपसाहेब, ज्यांनी तो मूळ प्रोग्रॅम लिहिला, त्यांना किंवा त्यांच्या वारसांना मी काहीही देत नाही. हा माणूस माझा डबा कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर ठेवायला लावत असे. म्हणे सुक्या बोंबलाच्या वासाने टेप खराब होतात. ते मी विसरले असते. पण त्यांनी एकाही ओळीशेजारी ती कशासाठी आहे असा शेरा लिहिला नाही आणि जागा वाचवायची म्हणून मोजायचा आकडाच दुसऱ्या ठिकाणी हुकूम म्हणूनही वापरला. आकडा बदलला की भलतीकडे काहीतरी हलते. मी दुरुस्तीचा प्रयत्न करून पाहिला, मागच्या खोलीत, व्हॉल्व्हऐवजी दिवे जोडून. एका प्रयत्नात पाण्याचा दिवा लागलाच नाही. मी हात काढून घेतला. प्रदीपसाहेब हुशार होते, याबद्दल वाद नाही. त्यांना वर भेटले तर बोलेन.

कलम ५. कंपनीचा नवा मॅनेजर निनाद. मुलगा वाईट नाही, मला बघायला फळे घेऊन आला होता. पीसीकडे बघून म्हणाला, “मॅडम, एवढा भारी प्रोसेसर आणि पाच टक्केसुद्धा वापरत नाही. लिमिट कोणी टाकलंय?”

“मी.”

“मग काढूया ना. बॅच लवकर सुटेल.”

मी त्याला वरचे सगळे समजावले, चित्र काढून समजावले. त्याने मान डोलावली. “ओके मॅडम, नोट केलंय.” त्या दोन शब्दांनी मला जेवढी धडकी भरली तेवढी छातीच्या डॉक्टरनेही भरवली नव्हती.

मी म्हटले, पाण्याचा दाब बघूनच पुढे जाईल अशी नवी यंत्रणा बसवा, नाहीतर मी माझा सिम्युलेटर काढून घेते. तर तो जाताना दारात म्हणाला, आणि अगदी मायेने म्हणाला, “तुम्ही टेन्शन घेऊ नका मॅडम. तुमचं सॉफ्टवेअर नसलं तरी नेटवर फुकट सिम्युलेटर मिळतात. तुम्ही तब्येत सांभाळा.” ते मिळतात हे खरे आहे. मी वापरून पाहिले आहेत, छान आहेत. पण ते आपणहून पूर्ण वेगाने धावतात. लगाम मुद्दाम घालावा लागतो आणि कुठे घालायचा हे माहीत असावे लागते. म्हणजे मी माझा काढून घेतला तर तिथली माणसे जास्त लवकर मरतील.

नवी यंत्रणा पुढच्या शटडाऊनला, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा, बसणार आहे. मी तिथे होते तेव्हापासून ती पुढच्या शटडाऊनलाच बसणार आहे. मी मालकांना पत्रे लिहिली, सरकारी कार्यालयालाही लिहिले. उत्तरे आली. ‘नोंद घेण्यात आली आहे.’ बाबांनी निनादच्या हाती होडी दिली नसती.

कलम ६. माझा पनवेलचा फ्लॅट, आतल्या सामानासह, भाचा प्रणित काशिराम नाखवा याला मिळावा. अट एकच: माझ्या मृत्यूनंतर एका महिन्याच्या आत त्याने त्या कारखान्याची नोकरी सोडावी. न सोडल्यास फ्लॅट विकून येणारे पैसे मोऱ्याच्या शाळेला जावेत.

हे कलम मी बुधवारी लिहिले. लिहून झाल्यावर काशिरामला फोन केला. “बरा केलंस, बाय,” तो म्हणाला. त्या रात्री मी झोपले.

कलम ७. हे कलम आज, शनिवारी लिहिते आहे. मधे जे झाले ते लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

गेल्या रविवारी प्रणित आला होता, तेव्हा मी त्याला मागच्या खोलीत बसवले. त्याला आजवर कधी भीती वाटली नव्हती. विचारले की म्हणायचा, “आत्या हाय ना!” मी पीसीला दोन दिवे जोडले. हिरवा पाण्याचा, लाल रसायनाचा. लगाम ठेवून चालवले. हिरवा लागला. प्रणित भाकरी खात होता. अर्धी भाकरी संपली तेव्हा लाल लागला. मग मी लगामाची ओळ काढली आणि परत चालवले. दोन्ही दिवे एकदम लागले.

“मस्त फास्ट झालंय की, आत्या!” तो हसला. मग त्याचे हसणे थांबले. त्याने ताट खाली ठेवले. दिव्यांकडे बघत म्हणाला, “मी तिथंच उभा असतो.” त्याची बायको सांगते, तेव्हापासून तो झोपेत दचकतो. मला त्याचे वाईट वाटले आणि बरेही वाटले. दोन्ही खरे आहे.

गुरुवारी कारखान्यात नवा पीसी आला. निनादने सगळे त्यावर चढवले आणि प्रणितला बटण दाबायला सांगितले. प्रणितने दाबले नाही. आधी लगाम दाखवा म्हणाला. निनाद चिडला, बॅचला उशीर होतोय म्हणाला. प्रणितने हात मागे बांधले. शेवटी त्याची समजूत घालायला निनादने सेटिंग उघडले.

ओळ नव्हती.

“कॉपी करताना राहिली असेल,” निनाद म्हणाला. त्याने ती घातली, मग बॅच सुरू झाली. त्या वेळी तोही घाबरला असणार. शुक्रवारी त्याने प्रणितला उशिराबद्दल मेमो दिला, म्हणजे भीती एक दिवससुद्धा टिकली नाही.

प्रणितने फोनवर हे सांगितले तेव्हा मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. ओळ नव्हती. बुधवारी मी ज्याला तिथून बाहेर काढायला निघाले होते, त्याने गुरुवारी हात मागे बांधले म्हणून त्या शिफ्टची सगळी माणसे सुखरूप घरी गेली. मी सिम्युलेटर लिहिला, पत्रे लिहिली, चित्रे काढली. उपयोगी पडला तो एका माणसाचा न दाबलेला हात.

मी त्याला विचारले, “सोडतोस का नोकरी? घर तुझंच आहे.”

“आन मंग बटन कोन दाबल, आत्या? निनादसाहेब?”

“भीती वाटते ना तुला?”

“लय वाटते.”

मी म्हटले, “वाटू दे. ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी रजा टाक.”

असे बोलून गेले आणि नंतर रडत बसले. मी त्याची आत्या आहे. त्याला अंगाखांद्यावर खेळवले आहे. मला तो कर्नाळ्याच्या पलीकडे, लांब, कुठल्यातरी मोबाइलच्या दुकानात कंटाळत बसलेला हवा आहे. आणि मी त्याला त्या भांड्याजवळ उभा करते आहे.

आज सकाळी काशिराम मोऱ्याहून आला, साक्षीदार म्हणून सही करायला. पिशवीत मांदेली घेऊन आला होता, खुशीत होता. मी त्याला गुरुवारचे सांगितले आणि कलम ६ मधली अट काढते आहे, असेही सांगितले.

तो म्हणाला, “बाय, फोनवर काय बोललीस तू? पोराला काढते तिथून बोललीस.”

“बोलले.”

“त्या बटनाला दुसरा कोन नाय?”

“शोधला. नाही.”

“माजा येकच पोर हाय तो.”

“मला काय दोन आहेत?”

मांदेली तशीच ओट्यावर राहिली. डॉक्टर सोनमबाई सही करायला वर आल्या, आमची तोंडे बघून परत जायला निघाल्या, त्यांना मी थांबवले.

कलम ८. म्हणून: फ्लॅट प्रणितला विनाअट मिळावा. मागच्या खोलीतला पीसी, दिवे आणि सिम्युलेटर, तो मी स्वतः लिहिलेला असल्याने त्यावरचे सर्व हक्क, प्रणितला मिळावेत. त्याने प्रत्येक शिफ्टला, कोणी हसले तरी, कोणी मेमो दिला तरी, बटणाआधी ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. पाणी आले का हे विचारणारी नवी यंत्रणा बसेल त्या दिवशी त्याने त्याच पावली घरी यावे आणि माझे सगळे यंत्र भंगारवाल्याला देऊन टाकावे. ते जपू नये. माझी आठवण म्हणून तर मुळीच जपू नये.

कलम ९. कलम ६ मधील ‘अट एकच’ येथपासून ‘शाळेला जावेत’ येथपर्यंतचा मजकूर मी स्वतः एका रेघेने खोडला आहे. वकीलबाई म्हणाल्या, स्वच्छ नवी प्रत करू. मी नको म्हटले. खालचे शब्द वाचता आले पाहिजेत. मला काही झाले तर प्रणितला दिसू दे की त्याच्या आत्याने आधी त्याला तिथून काढले होते. कायद्याप्रमाणे खोडलेल्या मजकुराशेजारी मी आणि दोन्ही साक्षीदारांनी सही करायची आहे.

हे सारे मी वाचून पाहिले, मोठ्याने वाचून दाखवले आणि माझ्या इच्छेप्रमाणे आहे म्हणून सही करते.

ठिकाण : पनवेल
दिनांक : २१ फेब्रुवारी २०२६

(सही) मैना काळू नाखवा

आमच्या समक्ष श्रीमती मैना नाखवा यांनी सही केली व खोडलेल्या मजकुराशेजारीही सही केली. आम्ही दोघांनी एकमेकांसमक्ष व त्यांच्यासमक्ष सह्या केल्या.

साक्षीदार १ : (सही) डॉ. सोनम ठाकूर, राहणार त्याच इमारतीत. त्यांची मनःस्थिती मी तपासली आहे. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. घाबरलेल्या आहेत.

साक्षीदार २ : (सही) काशिराम काळू नाखवा, धंदा मासेमारी, मु. मोरा. खोडल्याली अट मी वाचली. बाजूला सही केली. प्रणितचा बाप.